आधी भूक विचारावी

माझ्या दवाखान्यात येणारी निम्मी माणसं खुर्चीत टेकता टेकताच हात पुढे करतात. पुरुष उजवा, बायका डावा. "बघा नाडी आणि सांगा काय झालंय." स्वतः काही बोलायचं नाही, वैद्यानं ओळखून दाखवायचं, अशी ती परीक्षाच असते. मी तीन बोटं मनगटावर ठेवते. ठेवली नाहीत तर माणूस हिरमुसतो आणि पुढे मोकळेपणानं काही सांगत नाही. नाडीतून काहीच कळत नाही असं नाही. वेग कळतो, ठोके चुकत असतील तर कळतं, ताप आणि घाबरलेपण कळतं. पण चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांच्या ग्रंथांत नाडीपरीक्षेचं प्रकरणच नाही. वाताची नाडी सापाच्या चालीची, पित्ताची बेडकाच्या आणि कफाची हंसाच्या, हे वर्णन पुष्कळ नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत येतं. त्याआधी कित्येक शतकं वैद्य विचारत होते, निरखत होते, हात लावून बघत होते. मीही तेच करते. बोटं उचलली की पहिला प्रश्न असतो, "भूक कशी लागते?"

यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. गुडघा दुखतोय, केस गळताहेत, झोप उडालीय आणि ही बाई भुकेचं काय विचारते! "जेवतो की दोन्ही टायमाला," असं उत्तर येतं. मग मला खोदावं लागतं. एक वाजला म्हणून जेवता, घरचे खोळंबलेत म्हणून जेवता, की पोटात कावळे ओरडतात म्हणून? जेवल्यावर तरतरी येते की लोळावंसं वाटतं? दुपारी सकाळच्या नाश्त्याचे ढेकर येतात का? उठल्यावर जिभेवर पांढरा थर असतो का? पोट एका फेरीत साफ होतं की तीनदा जावं लागतं? वीस वर्षांहून अधिक काळ सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसून मी हे विचारत आले आहे. आयुर्वेदाला शरीर कसं दिसतं, असं कुणी विचारलं की मला व्याख्यांच्या आधी हे प्रश्नच आठवतात.

बीएएमएसला प्रवेश घेतला तेव्हा पहिल्याच वर्षी आमच्यापुढे दोन शरीरं ठेवली गेली. एक विच्छेदनाच्या टेबलावरचं. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे, डब्यातली पोळी खातानाही हाताला तोच वास यायचा. या शरीरात हाडं २०६. दुसरं शरीर पोथीतलं. त्यात सुश्रुताच्या मते हाडं ३०० आणि चरकाच्या मते ३६०. सुश्रुतानं दात आणि कूर्चाही हाडांत धरल्या, चरकानं नखंही मोजली, म्हणून आकडे वाढले. परीक्षेत तिन्ही आकडे लिहावे लागत आणि आम्ही ते निमूट लिहीत असू. पण त्याच सुश्रुतसंहितेत शवविच्छेदनाची जी रीत दिली आहे ती वाचल्यावर माझी चेष्टा थांबली. विषबाधेनं किंवा दीर्घ आजारानं न मेलेल्या माणसाचं शव घ्यायचं, आतड्यातला मळ काढायचा, गवता-सालींनी गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचं, सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर उलगडत जायचा. कुणीतरी हे हातानं केलं होतं. ऐकीव माहितीवर असं लिहिता येत नाही.

तरी एक अडचण राहायची. टेबलावर यकृत दिसायचं, प्लीहा दिसायची, पित्ताशय हाताला लागायचं. वात कुठे? पचन करणारं पाचक पित्त कुठे? आम्हा पोरांचा हा लाडका वाद होता आणि एकदा तो आम्ही क्रिया शारीराच्या सरांपुढे नेला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "त्या टेबलावरच्याला भूक लागते का?" आम्ही हसलो. "मग त्याच्यात अग्नी कुठून सापडणार?" एवढं बोलून त्यांनी पुढचा श्लोक घेतला. तेव्हा आम्हाला ती पळवाट वाटली होती. त्यात किती अर्थ होता, ते रुग्ण पाहायला लागल्यावर हळूहळू कळत गेलं.

वात, पित्त आणि कफ ही जिवंत शरीरात चालू असलेल्या कामांची नावं आहेत. हलवणं, वाहून नेणं, बाहेर टाकणं हे वाताचं. पचवणं, रंग देणं, ऊब राखणं हे पित्ताचं. सांधणं, ओलावा धरणं, टिकवणं हे कफाचं. बाटलीत भरून दाखवता येतील असे हे तीन पदार्थ आहेत असं मानून मी पहिली काही वर्षं पोथी वाचली आणि चाचपडले. रुग्णाच्या तक्रारींना लावायचे तीन प्रश्न म्हणून वाचायला लागल्यावर वाट सापडली. काय अडलंय किंवा भलतीकडे चाललंय? काय कच्चं राहतंय किंवा करपतंय? काय साठतंय किंवा झिजतंय? वाग्भटाचं अष्टांगहृदय मी हेमाद्रीच्या टीकेसह वाचते. देवळांच्या बांधणीमुळे आपल्याला ठाऊक असलेला देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत तो हाच, आणि त्याच्या टीकेचं नाव 'आयुर्वेदरसायन'. राज्यकारभार पाहता पाहता या माणसानं दोष, धातू आणि मळ यांचा कीस काढला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या शास्त्राच्या लेखी शरीर म्हणजे अन्नाचं अखंड चाललेलं रूपांतर. खाल्लेलं जठराग्नीनं पचतं, सार वेगळं होतं, मळ वेगळा होतो. सारापासून रस, रसापासून रक्त, मग क्रमानं मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. सात धातूंचे सात अग्नी, पंचमहाभूतांचे पाच आणि सगळ्यांचा मूळ आधार असलेला जठराग्नी, असे एकूण १३ अग्नी. प्रत्येक टप्प्यावर काही उपयोगाचं बनतं आणि काही टाकायचं. रसाचा मळ कफ, रक्ताचा पित्त, मेदाचा घाम. केस आणि नखं हे अस्थिधातूचे मळ. पोषण पुढे सरकतं कसं, यावर टीकाकारांनी तीन न्याय सांगितले. दुधाचं दही व्हावं तसा एक धातू पुढच्यात बदलतो, हा एक. पाटाच्या पाण्यानं एकेक वाफा भिजत जावा तसा रस पुढे जातो, हा दुसरा. खळ्यावर उतरलेली कबुतरं आपापला दाणा टिपून उडून जातात, तसा प्रत्येक धातू आपल्याला हवं तेवढं उचलतो, हा तिसरा. या साऱ्याला किती वेळ लागतो यावरही एकमत नाही. कुणी एक दिवस-रात्र म्हणतं, कुणी सहा दिवस, कुणी महिना, आणि वाग्भटानं ही तिन्ही मतं शेजारी शेजारी नोंदवली आहेत. विद्यार्थी असताना हा गोंधळ वाटायचा. आता त्याचा आधार वाटतो. डोळ्यांना दिसत नव्हतं त्याचा त्यांनी अंदाज बांधला आणि अंदाज एकाहून अधिक आहेत हे लपवलं नाही.

पाटाच्या पाण्याचा न्याय आमच्या उसाच्या भागात फार कामाला येतो. नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी केसांसाठी तेल मागायला आली होती. तीन-चार महागडी तेलं वापरून झाली होती, आणखी एखादं माझ्याकडून हवं होतं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी गार डबा, संध्याकाळी बस गाठण्याच्या घाईत वडापाव, रात्री भूक मेलेली. पाळी आठ-आठ दिवस चालायची, आणि ते तिनं मी विचारल्यावर सांगितलं, कारण केसांशी त्याचा संबंध असेल असं तिला वाटलंच नव्हतं. खालची पापणी ओढून पाहिली तर आत कागदासारखं पांढरं. मी म्हटलं, "तुमच्या रानात शेवटचा वाफा वाळला तर त्या वाफ्यावर तेल ओतता का? वरचं बारं फुटलंय का ते बघता ना?" वडिलांबरोबर आली होती, ते लगेच हसले. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सातच्या घरात निघालं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, मी जेवणाच्या वेळा आणि पचन यांकडे पाहिलं. तेल दिलंच नाही म्हणून ती पहिल्यांदा नाराज होऊन गेली. केस गळायचे थांबायला बरेच महिने लागले. कुठे पाहायचं ते पोथीतल्या धातूंच्या क्रमानं दाखवलं, किती उणं आहे ते प्रयोगशाळेनं मोजलं. दोन्हींतलं एक जरी नसतं तर ती तेलाच्या बाटल्याच बदलत बसली असती.

दुसरा धडा सांध्यांनी दिला. एकाच आठवड्यात दोन बायका आल्या, दोघींची तक्रार सांधे धरल्याची. पहिली आयुष्यभर भांगलण केलेली. गुडघ्यातून कटकट आवाज, दिवसभर चाललं की संध्याकाळी ठणका, पाय लांब करून बसलं की बरं, कातडी कोरडी, गरम तेल लावलं की सुख. भूक उत्तम. हा झिजेचा वात. तिला तेल, शेक, आणि खाली बसून करायची कामं कमी. दुसरी तिच्याहून लहान. तिची दुखणी सकाळची. उठल्यावर बोटं सुजलेली, मूठ वळेना, भाकरी थापता येईना, दहा-अकरा वाजता कुठे हात सुटायचा. तोंडाला चव नाही, भूक नाही, अंग जड, बारीक कणकण. लेक प्रेमानं रोज रात्री कोमट तिळतेलानं चोळून देत होती आणि दुखणं वाढतच चाललं होतं.

इथे माधवनिदानातला आमवात आठवला. अग्नी मंद झाला की अन्नाचा रस नीट पिकत नाही. हा कच्चा, जड, चिकट भाग म्हणजे आम. वात त्याला वाहून सांध्यांत नेऊन बसवतो. अशा ठिकाणी तेल लावणं म्हणजे चिकटाला आणखी चिकट देणं. म्हणून कोरडा शेक. मी तिच्या लेकीला तो करून दाखवला. चाळलेली वाळू लोखंडी तव्यावर तापवायची, जाड सुती कापडात घालून पुरचुंडी आवळून बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून चटका बसत नाही ना ते पाहायचं, मग सुजलेल्या सांध्यावर टेकवत उचलत न्यायची. जोडीला सुंठीचं पाणी, मुगाचं कढण, थोडं एरंडेल, आणि भूक लागेपर्यंत जेवणाचा आग्रह नाही. "मॅडम, तेल सोडून वाळू? लोकं हसतील की," ती म्हणाली. पंधरवड्यात जडपणा उतरला, तोंडाला चव आली. पण मी एवढ्यावर थांबले नाही. रक्ततपासणी करून तिला सांध्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं, कारण हा आजार आतून हाड कुरतडत असेल तर वाळूच्या शेकानं ते थांबत नाही. तिथली औषधं तिला आजही चालू आहेत. पथ्य आणि शेक माझ्याकडचा. हे दोन्ही बरोबरीनं चालू शकतं, हे मला तिनंच शिकवलं.

माझ्या ओपीडीला पंचांग आहे. मृगाचा पाऊस लागला की पोट फुगणं, गुडघे आखडणं, जुलाब. पावसाळ्यात अग्नी मंद असतो आणि उन्हाळ्यात साठलेला वात उसळतो, असं ग्रंथ सांगतात. बाहेर भज्यांचे घाणे चालू असतात ते वेगळंच. आश्विनातल्या उन्हात अंगावर पित्ताच्या गांधी, तोंड येणं, डोळ्यांची आग. चैत्रात सर्दी-खोकला, आणि त्यातच गावोगावच्या यात्रा, पाहुणे, मटणाचे बेत. यात्रेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखान्यात उभं राहायला जागा नसते. हा तक्ता तंतोतंत लागू पडतो असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास. ग्रंथांनी याचाही विचार केला होता: पाणथळ तो आनूप देश, कोरडा तो जांगल, मधला तो साधारण. माणच्या मेंढपाळाला आणि कोयनेच्या काठच्या भातशेतकऱ्याला एकच पावसाळी पथ्य देणारा वैद्य पोथीच्याही विरुद्ध वागतो. जुनं जाणणारी माणसं "आमच्याकडचं पाणी हलकं" असं सहज म्हणतात, तेव्हा देशाचा विचार त्यांच्या बोलण्यातही मुरलेला आहे हे जाणवतं.

काही वेळा पोथी अचूक बोट ठेवते आणि पुढे वैद्याचा हात पोचत नाही. बसवर कंडक्टर असलेली एक ताई वारंवार लघवीच्या जळजळीसाठी यायची. जोडीला मलावरोध, पोटात कळा, डोकं दुखणं. अँटिबायोटिकचे कोर्स झाले होते, थोडे दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. चरकानं जे १३ वेग अडवू नयेत म्हणून सांगितलं आहे त्यांत मूत्र आहे, मळ आहे, भूक, तहान, झोप, जांभई आणि अश्रूही आहेत. वेग अडवला की अपान वायू उलटतो आणि अशीच लक्षणं होतात, असं तिथे लिहिलेलं आहे. मी विचारलं, "ड्युटीवर पाणी किती पिता?" ती म्हणाली, "पितच नाही. प्यायलं तर जायचं कुठं?" पहाटेची फेरी, स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला एक तर कुलूप, नाहीतर आत पाय ठेवायची सोय नाही, आणि दोन फेऱ्यांमध्ये मिळणारा वेळ हिशोब जुळवण्यात जायचा. ती चौदा-चौदा तास तसंच काढायची.

चरक अशा वागण्याला प्रज्ञापराध म्हणतो, म्हणजे कळत असूनही चुकीचं वागणं. या बाईचा काय अपराध? लघवीची तपासणी केली, जंतुसंसर्गाचं औषध तिच्या डॉक्टरांकडूनच पूर्ण करायला सांगितलं, मी धणे-जिऱ्याचं पाणी, गोखरू वगैरे दिलं. आणि एका कागदावर तिच्या फेऱ्या लिहून कुठल्या थांब्यावर ओळखीचं हॉटेल किंवा घर आहे याची यादी आम्ही दोघींनी मिळून केली. तो कागद माझ्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडला. आयुर्वेदाचा बहुतेक सल्ला एकट्या माणसाला उद्देशून आहे: वेळेवर जेव, वेळेवर नीज, वेग अडवू नकोस. ऊसतोड करणाऱ्या बायका, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, टेम्पो ड्रायव्हर समोर बसले की त्यांच्या दिनचर्येवर त्यांची स्वतःची सत्ता किती, हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर पोथीत नाही. म्हणून दिनचर्या सांगताना मी आता आधी कामाच्या वेळा विचारते आणि त्यांत बसेल तेवढंच सांगते.

सर्वांत अवघड प्रसंग येतात ते आयुर्वेदावर अतोनात विश्वास असलेल्या माणसांमुळे. एक गृहस्थ बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन लांबून आले. मुलाला लहानपणापासूनचा मधुमेह, रोज इन्सुलिन. "त्याची सवय लागते म्हणतात. तुम्ही मुळापासून बरं करा, सुया बंद करायच्यात," वडील म्हणाले. मी नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या कुणाकडे गेले असते आणि तिथे कुणी हो म्हटलं असतं तर त्या पोराच्या जिवावर बेतलं असतं. म्हणून मी चरकसंहिता काढली. प्रमेहाच्या चिकित्सेत चरकानं स्पष्ट म्हटलं आहे की बीजदोषामुळे जन्मतःच आलेला प्रमेह बरा होत नाही. तिथला सहज प्रमेह आणि आजचा टाइप वन मधुमेह एकच, असा दावा मी करत नाही. पण काही आजार आपल्या औषधांनी बरे होणारे नाहीत हे ओळखणं वैद्याचं कामच आहे, असं हे ग्रंथ बजावून सांगतात. साध्य कोणतं आणि असाध्य कोणतं, यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. वडिलांना धक्का बसला. पोथी आपल्या बाजूनं बोलेल अशी त्यांची खात्री होती. इन्सुलिन चालू राहिलं. मुलगा आता कॉलेजात आहे, सर्दी-खोकल्याला माझ्याकडे येतो आणि येताना साखरेची वही आणतो.

"आयुर्वेदिकच आहे, त्याला कसला साइड इफेक्ट," हे वाक्य मी रोज ऐकते. घसा बसतो म्हणून ज्येष्ठमधाचं चूर्ण महिनोन्‌महिने खाणारे एक शिक्षक आले तेव्हा त्यांच्या पायांवर सूज होती आणि औषधं चालू असूनही रक्तदाब उतरत नव्हता. ज्येष्ठमध जास्त दिवस जास्त मात्रेत घेतला की शरीरात पाणी आणि मीठ साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. त्यांच्या डॉक्टरांना या चूर्णाचा पत्ताच नव्हता, कारण "ते औषध थोडंच आहे!" चूर्ण थांबवलं आणि काही आठवड्यांत सूज ओसरली. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, गुळवेलीशी साम्य असलेल्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. त्याआधी २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. या बातम्या आल्या की आमच्यातले काही जण चिडतात, हा कट आहे म्हणतात. मला चरकाचं म्हणणं आठवतं: नीट योजलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधही विष होतं. औषधाची ताकद मान्य करायची तर त्याची इजाही मान्य करायला हवी. मी भस्मं फार क्वचित वापरते, वापरली तर मोजके दिवस, आणि लांबलेल्या उपचारात यकृत-मूत्रपिंडाची तपासणी करून घेते.

या सगळ्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. शरीर अचानक बिघडतं असं आयुर्वेद क्वचितच मानतो. सुश्रुतानं बिघाडाच्या सहा पायऱ्या सांगितल्या: दोष साठतो, खवळतो, पसरतो, कुठेतरी दुबळ्या जागी ठाण मांडतो, मग रोग म्हणून उघड होतो आणि शेवटी गुंतागुंत करतो. रिपोर्टमध्ये दिसतं ते बहुधा पाचव्या-सहाव्या पायरीचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन येणारी माणसं मला आठवड्याला भेटतात. झोप मोडते, पोट बिघडतं, अंग मोडून येतं, आणि कुणीतरी त्यांना "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगितलेलं असतं. अशांसाठी या पहिल्या तीन पायऱ्यांची भाषा फार उपयोगी आहे. रोगाला नाव देता आलं नाही म्हणून वैद्यानं लाजू नये, हे वचन ग्रंथांत आहे आणि त्यानं मला अनेकदा सावरलं. पण त्याचीही दुसरी बाजू आहे. छातीत जड वाटतंय, घाम फुटलाय, आणि माणूस "पित्त झालंय" म्हणतोय, तेव्हा पायऱ्या मोजत बसायचं नसतं. तिथे नाव लगेच हवं, ईसीजी हवा, आणि गाडी हवी. कुठल्या क्षणी कुठलं शास्त्र, हे ठरवायला जी नजर लागते ती दोन्ही शास्त्रांचा अभ्यास केल्याशिवाय येत नाही.

माझ्याकडे इंटर्नशिपची मुलं येतात. पहिल्या दिवशी वही काढून विचारतात, "मॅडम, पीसीओडीला काय देता? सोरायसिसला काय देता?" मी म्हणते, कुणाच्या पीसीओडीला? मग त्यांना एकच रुग्ण देऊन चरकाची दशविध परीक्षा पूर्ण करायला बसवते: प्रकृती, विकृती, सार, बांधा, माप, सवयीचं अन्न, मनाची ताकद, खाण्याची ताकद, कष्टाची ताकद आणि वय. एक तास सहज जातो. मुलं वैतागतात, मग त्यांतली एखादी त्या रुग्णाला नावानं ओळखायला लागते आणि दुसऱ्या खेपेला त्याची वाट बघते. रोज प्रत्येकाला इतका वेळ द्यायला मला जमत नाही. बाजाराच्या दिवशी बाहेर बाकं भरलेली असतात, फी शंभर-दोनशे रुपये, आणि लोकांना शेवटची बस गाठायची असते. अशा दिवशी मी चार प्रश्नांवर भागवते. पण ज्या दिवशी तेवढंही न विचारता मी नुसतं रोगाच्या नावावरून औषध लिहून देते, त्या दिवशी बाटलीवर आयुर्वेद असतो, उपचारात नसतो, हे त्या मुलांच्या देखत स्वतःला सांगायला मला लाज वाटत नाही.